साचेखात्यातली रेल्वे

माझ्या मुलाने मला हौसेने जर्मनीला बोलावून घेतलं, आणि तितक्याच हौसेने एके दिवशी खेळण्यातल्या रेल्वेचं प्रदर्शन दाखवायला नेलं. जगातलं सगळ्यात मोठं, असं तो घरून निघाल्यापासून सांगत होता. मोठं होतंच. एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात रूळ गेलेले. बर्फाचे डोंगर, बोगदे, बंदर, विमानतळ, आणि जिकडेतिकडे नखाएवढी माणसं. थोड्या थोड्या वेळाने छताचे दिवे मंद होत, त्या सगळ्या गावांत संध्याकाळ होई आणि घराघरांच्या खिडक्या उजळत. मुलगा इंदुरात वाढलेला, तो आपल्या भाषेत म्हणाला, "आई, देख तर खरं, काय गजब बनवलंय यार!"

मी त्याला तिथल्या माणसाला विचारायला सांगितलं की ही इमारत आधी कशाची होती. गोदाम होतं, असं उत्तर आलं. मग मी म्हटलं, विचार त्याला, आतलं सामान कुठे गेलं आणि ते बाहेर काढलं कोणी? हा प्रश्न मुलाने जर्मनमध्ये केलाच नाही. "आई, तू पण ना," एवढं म्हणून तो मला कॉफी प्यायला घेऊन गेला. कॉफी बरी होती, पण माझं डोकं तापलं ते तापलंच. इतकी मोठी रेल्वे मांडायला तितकीच मोठी रिकामी जागा लागते, आणि जागा काही आपोआप रिकामी होत नाही. एवढं मला पक्कं ठाऊक आहे, कारण आमच्या बाबांनी एक जागा रिकामी करून दिली होती.

आमचं घर मिलच्या चाळीत होतं. आजोबा कारकून म्हणून इंदूरला आले, आणि बाबा मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात लागले. शेजारच्या खोलीत काका राहत. ते आमचे नात्याचे नव्हते. माळव्यातले, गौतमपुऱ्याकडचे, मिलमध्ये विणकर. बाबा आणि ते एकमेकांना 'भिया'च म्हणत, म्हणजे भाऊ. दोन्ही घरांची भिंत एक, अंगणातला नळ एक, आणि भांडण झालंच तर तेही संध्याकाळपर्यंतच टिकायचं. आईचे पोहे तिकडे आणि काकीचे दाल-बाफले इकडे, हा रोजचा शिरस्ता होता.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. टीव्हीवर उदारीकरण, उदारीकरण चालू होतं, आणि आमच्या भागात एकेक मिल आजारी पडत होती. आजारी हा सरकारी शब्द. औषधपाणी मात्र कोणी करत नव्हतं. आमच्या मिलमध्येही पगार रखडत, पाळ्या कमी झालेल्या. साचेखात्यात निम्मे साचे बंदच असत. कापड विणायच्या मागांना मिलमध्ये सगळे साचे म्हणत. जवळच्याच एका मिलमधून दुरुस्तीच्या नावाखाली मशीनं बाहेर गेली होती आणि मागोमाग फाटकाला कुलूप लागलं होतं. त्यामुळे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही एक गोष्ट कळत होती: साचे जागेवर आहेत तोवर मिल आहे, साचा हलला की मिल गेली. आमच्या लोकांनी मिलच्या दोन्ही फाटकांवर आपला पहारा बसवला. कापडाच्या गाठी खुशाल जाऊ देत, पण लोखंडाचा तुकडा बाहेर जाऊ देत नसत. यात काका सगळ्यांच्या पुढे होते.

मिल चालणार की नाही, याचा आमच्याकडे आणखी एक आडाखा होता, तो म्हणजे झांकी. इंदूरच्या माणसाला हे सांगायला नको, बाहेरच्यासाठी सांगते. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत वेगवेगळ्या मिलचे कामगार ट्रॉल्यांवर दिव्यांचे, हलणारे देखावे उभारून गावातून काढतात, आणि कोणाची झांकी भारी होती यावर पुढच्या गणपतीपर्यंत वाद घालतात. झांकी मिलमध्येच बनते. जागा आणि वर्गणी मिल देते. म्हणून आमच्याकडे म्हणायचे, "झांकी बनी तो मिल चली." त्या वर्षी श्रावण निम्मा सरला तरी ऑफिसातून हूं की चूं नव्हतं. काकी तर रोज आईला विचारायची, "झांकी का कुछ सुना?" जणू दवाखान्यात कोणाला ठेवलं होतं.

अशात साहेबांनी बाबांना बोलावून घेतलं.

साहेब म्हणजे मिलचे मॅनेजर. दोन-तीन वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून आले होते. बाकी सगळ्यांशी हिंदीत बोलत, बाबांशी मात्र मराठीत. आता आम्हा इंदूरच्या मराठी लोकांची एक खोड सांगते. आमच्या मराठीत हिंदी इतकी कालवलेली असते की आमची आम्हालाच लाज वाटते, आणि महाराष्ट्रातून आलेला कोणी चार वाक्यं स्वच्छ मराठीत बोलला की आम्ही पाघळतो. साहेबांसमोर बाबा जपून जपून बोलत. 'भेटलं'चं 'मिळालं' करत, आणि तोंडातून 'भिया' निघालं की जीभ चावत. असा माणूस आपल्याला फसवेल ही शंकासुद्धा त्यांना पाप वाटली असती. "आपला माणूस आहे," हा त्यांचा साहेबांबद्दलचा पहिला आणि शेवटचा शब्द.

त्या दिवशी बाबा सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच बोलू लागले. झांकीला परवानगी मिळाली होती. नुसती परवानगी नव्हे, साहेबांनी त्यांना एका परदेशी मासिकातलं चित्र दाखवलं होतं. मोठ्या हॉलमध्ये पसरलेली छोटी रेल्वे, भोवती उभी राहिलेली गोरी माणसं. साहेब म्हणाले होते, "हे जगात सगळ्यात मोठं म्हणवतात. आपण मनावर घेतलं तर यांच्याहून मोठं करू. तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार?" बाबांना हरभऱ्याच्या झाडावर चढायला एवढं पुष्कळ होतं.

बेत असा होता. महूपासून खंडव्यापर्यंतची आपली छोटी लाइन, म्हणजे मीटरगेज, झांकीत करायची. पातालपाणीचा धबधबा, घाटातले बोगदे, कालाकुंडचं स्टेशन, नर्मदेवरचा पूल, सगळं. एकामागे एक ट्रॉल्या लावायच्या, त्यांचे रूळ एकमेकांना जोडायचे, आणि मिरवणूक चालू असताना गाडी पहिल्या ट्रॉलीवरून शेवटच्या ट्रॉलीपर्यंत जायला हवी. त्यासाठी आधी सगळी लाइन एका सपाट जमिनीवर, छताखाली मांडून पाहणं भाग होतं. एवढी सपाट जमीन मिलमध्ये एकच होती, साचेखात्याची. साहेबांनी तीही देऊ केली. साचे खोलायचे, मागच्या आवारात नेऊन नीट झाकून ठेवायचे, आणि चतुर्दशी झाली की परत बसवायचे. तसंही मिलमध्ये नवी मशीनं येणारच आहेत, तेव्हा या निमित्ताने जमिनीची डागडुजी होऊन जाईल, असंही साहेब म्हणाले होते.

काकांनी नळावरच ऐकलं आणि बादली खाली ठेवली.

"साँचा खुला तो समझो मिल गई, भिया. झांकी बाहर मैदान में बना लो, कौन मना करता है?"

"मैदान में बारिश में तार कैसे बिछाऊँ? और साहब खुद बोले हैं, वापस बैठेंगे. अपने आदमी हैं."

"तुम्हारे होंगे."

"अरे, तो मैं बोल रहा हूँ ना! मेरे पे भी भरोसा नहीं है क्या?"

काकांनी बादली पुन्हा नळाखाली सरकवली. आई आतून म्हणाली, "अहो, नको म्हणतात तर राहू द्या ना, जबरदस्ती कशाला?" बाबांनी तिला "तू चुप बस ग, तुला यातलं नाही समजत" म्हणून गप्प केलं. बाकीचे विणकर काकांच्या तोंडाकडे पाहत होते, हे बाबांना चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काकांकडे गेले, तिसऱ्या दिवशीही. शेवटी काकांनी स्वतः पाना हातात घेतला. दर दसऱ्याला ते आपल्या साच्याला नाडा, म्हणजे पूजेचा लाल दोरा, बांधून कुंकू लावत; तो जुना नाडा त्यांनी आधी सोडून खिशात ठेवला आणि मग पहिला नट फिरवला. त्यांचा साचा खुलला तसे मग सगळेच खुलले. मिलच्या माणसांनी मिलचे साचे आपल्या हाताने, गणपतीचा जयजयकार करत आवारात नेऊन ठेवले. चोराला भिंत फोडावी लागते. आमच्या लोकांनी दार काढून त्याच्या हातात दिलं.

पण ते दिवस सुखाचे होते, हे मी नाकारणार नाही. अख्खी चाळ रेल्वेला लागली होती. आम्ही मुली आणि बायका टाकाऊ कापूस हिरव्या रंगात बुडवून अंगणात वाळत घालत होतो. त्याची घाटातली झाडी झाली. सुताच्या कांड्या कापून डब्यांची चाकं केली, जुन्या तारा वाकवून सिग्नल केले. पातालपाणीच्या धबधब्यासाठी बाबांनी कुठूनसा एक पंप पैदा केला आणि त्याने पहिल्याच दिवशी बाबांनाच आंघोळ घातली. काका आठवडाभर फुरंगटून लांब राहिले, मग त्यांनाही राहवेना. कालाकुंडच्या स्टेशनावर पळसाच्या पानात कलाकंद विकणारा माणूस त्यांनी बनवला, आणि गाडी आली की तो हात पुढे करेल अशी काहीतरी दोरी लावली. इंजिन पहिल्यांदा घाट चढलं तेव्हा त्यांनी बाबांना उचललं होतं.

गणपती बसले. साहेब आमच्याकडे आरतीला आले, पाटावर मांडी घालून जेवले. "वहिनी, असे मोदक खाऊन वर्षं झाली," म्हणाले. मी तेव्हा अकरावीत होते. माझी चौकशी केली, इंजिनिअरिंगला जा म्हणाले. मलाही ते आवडले, खोटं कशाला बोलू? निघताना चपला घालता घालता बाबांना म्हणाले, "चतुर्दशीला सगळ्यांनी झांकीबरोबर जायचं हं. फाटकावरची माणसंसुद्धा मागे ठेवू नका. त्यांनाही वर्षाचा सण आहेच की." किती विचार करतात बघ आपल्या लोकांचा, असं बाबा दिवसभर सांगत होते. फाटकावरच्या माणसांना निरोपही त्यांनीच दिला. साहेबांचा तो 'हं' मला अजून ऐकू येतो.

झांकी दृष्ट लागण्यासारखी झाली. राजवाड्यासमोर गर्दी इतकी की ट्रॉल्या हलेनात, आणि इंजिन एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर गेलं की लोक टाळ्या वाजवत होते. पहिला नंबर आमचाच, असं सगळेच म्हणत होते. मिरवणूक रात्रभर चालते. सकाळी उन्हं वर आल्यावर आमची माणसं ट्रॉल्या ओढत, घसे बसलेले, गुलालाने माखलेले, मिलच्या मोठ्या फाटकातून आत आली. दोघंजण तोंड धुवायला मागच्या आवारात गेले.

आवार रिकामं होतं. चिखलात ट्रकच्या चाकांचे खोल चर उमटले होते, झाकायला घेतलेल्या ताडपत्र्या एका कोपऱ्यात फेकल्या होत्या. मागचं फाटक सताड उघडं होतं. आपला साचा जिथे ठेवला होता ती जागा काका दोनदा जाऊन पाहून आले, असं बाबांनीच नंतर आईला सांगितलं.

बातमी चाळीत आली तशा आम्ही बायकाही धावत मिलवर गेलो. साहेब ऑफिसच्या पायऱ्यांवर उभे होते, बाजूला पोलीस. सगळे एकदम ओरडत होते. बाबा गर्दीतून वाट काढत पुढे गेले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना वाटत होतं, काहीतरी घोटाळा झालाय, आपण विचारलं की साहेब सांगतील.

"साहेब, साचे कुठे गेले?" बाबांनी विचारलं.

साहेबांनी त्यांच्या डोक्यावरून मागच्या गर्दीकडे पाहिलं. "देखिए," ते म्हणाले, "मशीनें मिल की संपत्ति हैं. और खोलीं किसने? आप ही लोगों ने, अपनी मर्ज़ी से. किसी ने ज़बरदस्ती नहीं की."

"साहेब, मी बोलतोय," बाबा म्हणाले.

"आप पीछे हटिए."

बाबा हटले नाहीत. तिथेच उभे राहून ते पुन्हा मराठीत काहीतरी बोलू लागले, शुद्ध, जपून जपून. साहेबांनी हवालदाराकडे पाहिलं आणि त्याने बाबांच्या छातीला हात लावून त्यांना पायरीखाली उतरवलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला कोणी पुस्तकात शिकवायची गरज उरली नाही.

मिलला कुलूप लागलं. साचे बाहेर गेले आणि रेल्वे आत अडकली. पहिला नंबर खरोखरच आमच्या झांकीला मिळाला. ढाल घ्यायला कोण जाणार यावर वाद झाला आणि शेवटी कोणीच गेलं नाही. आपल्या हाताने खोललेल्या साच्यांबद्दल पुढे कुठे दाद मागायला गेलं की साहेबांचं तेच वाक्य समोर येई, खोललं कोणी?

मला वाटलं होतं, बाबा आता चिडतील. साहेबांच्या नावाने बोटं मोडतील, निदान आईजवळ तरी. तर ते भिंतीला टेकून बसत आणि म्हणत, "त्यांच्यावर वरून प्रेशर असेल. नाहीतर ते असं करणारे नव्हेत. आपल्याशी किती चांगले होते!" हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्याने तोंडाला पानं पुसली त्याच्या वकिलीला बाबा बसले होते, आणि भिंतीपलीकडे काका होते. भिंत पातळ होती. प्रत्येक शब्द पलीकडे जात होता. मी एकदा म्हटलंही, "बाबा, हळू बोला." ते म्हणाले, "का? मी कोणाचं वाईट बोलतोय?"

काका बोलत नव्हते. भांडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. आईचे पोहे काकी घेई, बशी धुऊन परत देई, पण रिकामी. काका नळावर बाबा दिसले की बादली तशीच ठेवून आत जात. बाबा म्हणत, "लोग भी ना! सबका नुकसान झालंय, मेरे अकेलेचं थोडीच?" त्यांना वाटत होतं, दोघांनाही एकाच माणसाने लुटलं, म्हणजे दोघं बरोबरीचे.

दिवाळीच्या आधी काकांनी खोली सोडली. गौतमपुऱ्याला भावाच्या शेतावर जाऊन राहणार होते. दारात टेम्पो आला. सामान ते काय, एक खाट, कोठी, शिलाईचं मशीन, काकीच्या तुळशीचा डबा. आई काकीच्या गळ्यात पडून रडली. बाबा आतून एक दोर घेऊन आले आणि टेम्पोत चढून खाट बांधायला लागले.

"रहने दो," काका म्हणाले.

"अरे, रास्ते में हिलेगी."

"रहने दो भिया. मैं बाँध लूँगा."

बाबा खाली उतरले. दोर हातातच होता. मग इतक्या दिवसांचं साचलेलं त्यांच्या तोंडून निघालं. "साहब ने धोका दिया, उसमें मैं क्या करता? मैं भी तो उतना ही लुटा हूँ. मुझसे काहे की नाराज़गी?"

काकांनी खाट बांधली, गाठ ओढून पाहिली. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "साहब पे तो मुझे पहले दिन से भरोसा नहीं था. उनके कहने से मैंने एक नट भी नहीं खोला. तुम्हारे कहने से खोला."

ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. टेम्पो बडा गणपतीच्या रस्त्याला लागला. बाबा दोराची गुंडाळी करत तिथेच उभे होते आणि आईला सांगत होते की खाट सैल बांधली आहे, पुढे चौकातच हलेल. मी दारात होते. मला बाबांची कीव आली नाही. मला धावत जाऊन काकांच्या टेम्पोत बसावंसं वाटलं.